लेसर वाढवला, आरसा तापला! अमेरिकेतल्या ‘लायगो’च्या सुधारणेतून औंढ्याने काय शिकायचं?

हिंगोली : औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा शिवारात होणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाचा विषय निघाला की पारावर पहिला प्रश्न येतो, “कधी होणार?” दुसरा येतो, “आपल्या पोरांना नोकऱ्या किती?” दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण तिसरा एक प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं परिसरातल्या गावांचा संबंध येणार आहे तो त्याच प्रश्नाशी. हे यंत्र एकदा बसवून संपणारं नाही. ते दर काही वर्षांनी उघडायचं, सुधारायचं, पुन्हा बंद करायचं असं यंत्र आहे. अशा यंत्राला शेजार कसा लागतो?

याचं उत्तर अमेरिकेत सापडतं. तिथे वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला आणि लुईझियाना राज्यात लिव्हिंगस्टनला अशी दोन यंत्रं वीस वर्षांहून जास्त काळ चालू आहेत. त्यांची मे २०२३ मध्ये सुरू झालेली मोठी निरीक्षण फेरी नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली आणि सुधारणेच्या पुढच्या टप्प्याची वेळ आली. या दोन ठिकाणी लेसरची ताकद वाढवताना काय काय झालं, हे औंढ्याच्या माणसाने बारकाईने वाचायला हवं. तिथे ठेच लागून जे कळलं, ते इथे आयतं मिळणार आहे.

आधी यंत्र काय ते पाहू

लायगो (गावाकडे बरेच जण ‘लिगो’ म्हणतात) म्हणजे इंग्रजी ‘एल’ अक्षरासारख्या काटकोनात टाकलेल्या दोन नळ्या. एकेक नळी चार किलोमीटर लांब. वेशीतून निघून पायी चालत गेलं तर टोकाला पोचायला पाऊण-एक तास लागेल. नळी सव्वा मीटरच्या आसपास रुंद, स्टीलची, वरून काँक्रीटचं कवच. चार किलोमीटरमध्ये पृथ्वीच्या गोलाईमुळे जमीन मीटरभर वाकते, म्हणून नळी सरळ राहावी यासाठी पायाची पातळीही त्या हिशेबाने धरावी लागते.

नळीतली सगळी हवा काढून टाकलेली असते. अमेरिकेत पहिल्यांदा ही हवा काढायला ४० दिवस लागले होते. कोपऱ्यावरून एक लेसर झोत सोडतात, त्याचे दोन भाग करतात, एक या नळीत, एक त्या नळीत. टोकाच्या आरशावर आपटून दोन्ही झोत परत येतात आणि कोपऱ्यावर भेटतात. दोन्ही नळ्यांची लांबी जशीच्या तशी राहिली तर झोत एकमेकांना बरोबर रद्द करतात आणि अंधार दिसतो. लांबीत तसूभर फरक पडला की तिथे उजेड झिरपतो.

तसूभर हा शब्दही इथे फार मोठा झाला. दूर अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की जी लहर निघते, तिच्यामुळे चार किलोमीटरच्या नळीत पडणारा फरक अणूच्या गाभ्यातल्या एका प्रोटॉनच्याही शेकडो पट लहान असतो. ही लहर असते असं गणित आइन्स्टाइनने १९१६ मध्ये मांडलं होतं. ती प्रत्यक्ष सापडली १४ सप्टेंबर २०१५ ला. सूर्याच्या २९ पट आणि ३६ पट वजनाची दोन कृष्णविवरं १३० कोटी प्रकाशवर्षं दूर आदळली होती. त्या शोधाला २०१७ चं नोबेल मिळालं. असे सिग्नल प्रचंड खरखरीतून वेगळे कसे काढायचे, या गणितात पुण्याच्या ‘आयुका’तले संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी १९९० च्या आसपासपासून काम करत होते. म्हणजे या शोधात महाराष्ट्राचा हात औंढ्याचं नाव येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

पत्र्यावरचा पाऊस

आता मूळ मुद्दा. लेसरची ताकद का वाढवायची?

पावसाळ्याच्या सुरुवातीला घराच्या पत्र्यावर चार थेंब पडतात तेव्हा टप... टपटप... टप असा कसाही आवाज येतो. जोराचा पाऊस लागला की तोच आवाज एकसारखा होतो. प्रकाशाचंही तसंच आहे. तो कणाकणाने येतो, आणि कण कमी असले की मोजणीत चढउतार जास्त. लेसर जोरदार केला की कण वाढतात आणि मोजणी स्थिर होते. हिशेब असा की ताकद चौपट केली तर ही खरखर निम्म्यावर येते.

पहिलं लायगो २००२ ते २०१० असं चाललं. लेसर १० वॅटचा होता. आठ वर्षांत सापडलं काय? एकही लहर नाही. आपल्याकडे एखादं धरण आठ वर्षं कोरडं राहिलं असतं तर काय काय बोललं गेलं असतं, याची कल्पना करा. तिथल्या लोकांनी मात्र चालू यंत्र बंद केलं, आतलं जवळजवळ सगळं काढलं आणि पाच वर्षं नव्याने जोडणी केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने त्यासाठी २०.५ कोटी डॉलर दिले. जर्मनी, ब्रिटन, ऑस्ट्रेलियानेही हातभार लावला. लेसर जर्मनीतून आला, २०० वॅटचा. साडेदहा किलोचे आरसे जाऊन ४० किलोचे आले आणि ते काचेच्याच, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक तंतूंवर टांगले. ही नवी जोडणी सुरू होते ना होते तोच पहिली लहर सापडली.

यातली गंमत अशी की २०० वॅटचा लेसर बसवला होता, पण ती पहिली लहर सापडली तेव्हा यंत्राच्या आत जात होता फक्त २०-२५ वॅटचा झोत. घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बपेक्षाही कमी. ताकद उशाशी आहे आणि वापरता येत नाही, अशी अवस्था.

कारण आत गेलेला प्रकाश एकदा जाऊन परत येत नाही. आरशांच्या जोड्यांमध्ये तो शेकडो वेळा येरझारा घालतो आणि साठत जातो, बांधाआड पाणी तुंबावं तसा. त्यामुळे बाहेरचे २०-२५ वॅट नळीत सुमारे १०० किलोवॅट होतात. आराखड्यात तर नळीत ७५० किलोवॅट साठवायचं ठरलं होतं. दहा वर्षांच्या खटपटीनंतर अलीकडच्या फेरीत मजल गेली ती ४०० किलोवॅटच्या अलीकडेच.

घोडं अडलं कुठे?

अडलं आरशात. हे आरसे जगातल्या सगळ्यात चांगल्या आरशांपैकी. तीस-पस्तीस लाख प्रकाशकण आपटले तर त्यातला एखादाच शोषला जातो. म्हणजे लाखो वॅट आपटत असताना आरशात मुरतो तो वॅटचा दहावा भाग. एवढ्याने काय होतं, असं कुणालाही वाटेल. पण तेवढ्यानेही आरशाचा आकार बदलतो.

त्याहून वाईट म्हणजे आरशाच्या लेपात केसाच्या जाडीहून लहान असे काही ठिपके निघाले. धुळीचा कण समजा, किंवा लेपातला खडा. लेसर कमी होता तोवर ते गप्प होते. ताकद वाढवली तसे ते उष्णता धरू लागले, तेवढ्या जागी आरसा फुगला आणि प्रकाश इकडे-तिकडे उधळू लागला. बाहेरून जास्त वॅट ओतायचे आणि आत साठवण वाढायचीच नाही. शेवटी काही आरसे काढून नवे बसवावे लागले. हॅनफर्डला २०२३ मध्ये झोत ७५ वॅटपर्यंत नेऊन पाहिला आणि मग ६० वर परत आणला. ६० वर यंत्र जास्त नीट चालत होतं.

तापलेला आरसा जागेवर आणायची तिथली युक्ती ऐकण्यासारखी आहे. आरशाला कडेने गोल हीटर लावलेला असतो. मधोमध लेसरने तापतं, म्हणून कडेने मुद्दाम तापवायचं, की सगळीकडे सारखं. कानवल्याला दोन्हीकडून सारखी आच लागावी तशातला प्रकार.

खुद्द २०० वॅटच्या लेसरचीही एक भानगड झाली. त्याला थंड ठेवायला पाणी फिरवावं लागायचं. त्या वाहत्या पाण्याची थरथर झोतात उतरायची. मोटर चालू असताना पाइपला हात लावल्यावर जे जाणवतं, तेच. फक्त लाखो पट बारीक. पुढे ती रचना काढून सुटसुटीत प्रवर्धक बसवले. म्हणजे ‘सुधारणा’ म्हणून बसवलेली वस्तू काढणं हीसुद्धा सुधारणाच ठरली. सरकारी कामात असं कबूल करायची सवय आपल्याकडे जरा कमीच.

आणखी एक अडचण निसर्गाने घालून ठेवलेली. पाऊस फारच जोराचा झाला की आवाज एकसारखा येतो खरा, पण पत्राच हलायला लागतो. प्रकाशाचे कण आरशावर आपटतात तेव्हा ते त्याला ढकलतात. ४० किलोचा आरसा यामुळे हलतो आणि हे यंत्राला जाणवतं! लेसर कमी ठेवला तर मोजणीची खरखर, वाढवला तर आरशाची थरथर.

यावर तोडगा म्हणून २०१९ पासून दोन्ही ठिकाणी ‘पिळलेला प्रकाश’ वापरला जातो. अर्धवट भरलेलं पोतं एका बाजूने दाबलं की दुसरीकडे फुगतं. तसं प्रकाशातली अनिश्चितता जिथे त्रास देते तिथून दाबायची आणि जिथे चालेल तिथे फुगू द्यायची. २०२३ च्या फेरीआधी त्यासाठी ३०० मीटरची एक जादा निर्वात नळी बांधली, म्हणजे बारीक आणि जाड, दोन्ही सुरांच्या लहरींना फायदा व्हावा. अमेरिका आणि ब्रिटनने २०१९ मध्ये पैसे मंजूर केलेल्या ‘ए-प्लस’ सुधारणेचा हा भाग आहे. नवे, जास्त चांगल्या लेपाचे आरसे हा त्याच योजनेतला दुसरा मोठा भाग.

एवढं करून मिळालं काय? पहिल्या फेरीत चार महिन्यांत तीन लहरी सापडल्या होत्या. आता सरासरी तीन दिवसांना एक सापडते. कारण सोपं आहे. यंत्राचा पल्ला दुप्पट झाला की चहूबाजूंनी मिळून अवकाश आठपट आवाक्यात येतं. जानेवारी २०२५ मध्ये जवळजवळ पहिल्यासारख्याच दोन कृष्णविवरांची टक्कर पुन्हा नोंदली गेली. अंतरही साधारण तेवढंच. पण आवाज तिपटीने स्पष्ट. तो इतका स्वच्छ होता की दोन कृष्णविवरं मिळून एक झाल्यावर त्याचं पृष्ठफळ आधीच्या बेरजेपेक्षा कमी होत नाही, हे स्टीफन हॉकिंग यांचं १९७१ चं म्हणणं त्यावर ताडून पाहता आलं आणि ते खरं निघालं. घटना जवळपास तीच, यंत्राची जागाही तीच. दहा वर्षांच्या सुधारणेने काय झालं ते यातून दिसतं.

कावळे, लाकूडतोडे आणि मालगाडी

इथवर सगळं प्रयोगशाळेच्या आतलं. आता कुंपणाबाहेर येऊ, कारण औंढ्याचा संबंध तिथेच आहे.

लिव्हिंगस्टनचं यंत्र जंगलात आहे. आजूबाजूला लाकडाचा धंदा. सुरुवातीच्या काळात दिवसा झाडं तोडायचं काम चालू असलं की जमीन इतकी थरथरायची की यंत्र जुळतच नसे. जवळच्या रुळावरून मालगाडी गेली की तीच गत. बरीचशी निरीक्षणं रात्रीवर ढकलावी लागली. पुढे २००४ च्या सुमारास हायड्रॉलिक पद्धतीने थरथर मोडून काढणारी खास यंत्रणा बसवली, तेव्हा कुठे दिवसाही काम सुरू झालं.

हॅनफर्डला तर कावळ्यांनी शास्त्रज्ञांना कामाला लावलं. यंत्रात मधूनच बारीक ठोके उमटायचे. शोध घेता घेता कळलं की द्रव नायट्रोजनच्या नळीवर बर्फ जमतं आणि वाळवंटी भागातले तहानलेले डोमकावळे येऊन ते टोचतात. नळीवर चोचीच्या खुणाही सापडल्या. मग नळीला आवरण घातलं आणि बर्फ धरायचं थांबवलं. ही २०१७ ची गोष्ट. चोचीचा ठोका ऐकू येणाऱ्या यंत्राच्या शेजारी खडी केंद्र, ब्लास्टिंग किंवा भरलेल्या हायवांची रांग काय करेल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच औंढ्याची जागा निवडली गेली. रेल्वे, मोठे महामार्ग, कारखाने यांपासून लांब आणि जमीन तुलनेने शांत. देशात कितीतरी ठिकाणं तपासून झाल्यावर ही निवड झाली. मराठवाड्याला ‘मागास’ म्हणताना ज्या गोष्टी नसल्याचं रडगाणं गायलं जातं, त्याच नसण्यामुळे हा प्रकल्प इथे आला. यात अभिमान वाटावा असं आहे, आणि विचार करावा असंही आहे.

विचार यासाठी की लेसर जितका सुधारेल, आरसा जितका चांगला होईल, तितकं यंत्र शेजाऱ्याच्या आवाजाला जास्त हळवं होईल. दोन्ही गोष्टी एकत्रच वाढतात. भारताचं यंत्रही ‘ए-प्लस’ दर्जाचंच करायचं नियोजन आहे. म्हणजे पहिल्या दिवसापासून ते अमेरिकेच्या २०१५ च्या यंत्रापेक्षा हळवं असणार. आज चालतं तेवढं ट्रॅक्टर-ट्रॉली, बोअर, पिठाची गिरणी हे सगळं बहुधा उद्याही चालेल. शेती करायला अडचण यावी असं यात काही नाही. प्रश्न नव्या गोष्टींचा आहे: रस्त्याचं चौपदरीकरण, खाणपट्टे, स्टोन क्रशर, पवनचक्क्या, मोठा कारखाना. कुठल्या अंतरात काय चालेल आणि काय नाही, याचा नकाशा गावसभेपुढे यायला हवा. मराठीत, लेखी, आणि यंत्र सुरू व्हायच्या आधी. नंतर कुणाचा खाणपट्टा अडला, कुणाची परवानगी लटकली की मग ‘प्रकल्पाने विकास अडवला’ अशी ओरड सुरू होईल. ती ओरड मग पूर्ण खोटीही नसेल.

किल्लारीचं काय?

औंढा, वसमत, कळमनुरी पट्ट्यात जमिनीतून गूढ आवाज येतात, हे इथल्या माणसाला नवीन नाही. २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलै २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. मराठवाड्यात भूकंप म्हटलं की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवतेच. तेव्हा शंका साहजिक आहे.

दोन गोष्टी वेगळ्या करून बघायला हव्यात. एक, माणसांना धोका. नळीतला लेसर पूर्ण बंदिस्त असतो. तो आकाशात सोडत नाहीत, त्याने ढग पांगत नाहीत, किरणोत्सर्गाचा तर संबंधच नाही. जमीन हलली की दोन झोतांची जुळणी सुटते आणि साठलेली ताकद डोळ्याचं पातं लवायच्या आत पडून जाते. अमेरिकेत हे नेहमी होतं. जगाच्या दुसऱ्या टोकाला मोठा भूकंप झाला तरी त्याच्या लाटा पोचल्यावर यंत्र तासनतास बंद पडतं.

दोन, यंत्राला धोका. तो मात्र खरा आहे. २८ फेब्रुवारी २००१ ला वॉशिंग्टन राज्यात ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा हॅनफर्डच्या आतल्या टांगण्यांचं नुकसान झालं होतं. जपानमधलं अशाच जातीचं ‘काग्रा’ यंत्र तर डोंगराच्या पोटात आहे. तरी १ जानेवारी २०२४ च्या नोटो भूकंपात त्याला मार बसला आणि निरीक्षणात परत यायला २०२५ उजाडलं. दोन्ही यंत्रं दुरुस्त झाली, पण वेळ गेला. हिंगोलीच्या छोट्या धक्क्यांनी इमारत पडेल असं नाही. निरीक्षणाचे दिवस मात्र नक्की जातील. बांधकाम करणाऱ्यांनी हा धोका कसा धरला आहे, ते जिल्ह्याला समजेल अशा भाषेत सांगणं ही त्यांची जबाबदारी.

बक्षीस म्हणून मिळालेलं नाही

औंढ्यात बसणारी यंत्रसामग्री मुळात हॅनफर्डसाठी केली होती. तिथे एकाच इमारतीत दोन यंत्रं ठेवायची, असा बेत होता. पण एका ठिकाणी दोन ठेवण्यापेक्षा एक हजारो किलोमीटर दूर ठेवलं तर लहर आकाशात नेमकी कुठून आली ते जास्त अचूक कळतं. आधी ऑस्ट्रेलियाला विचारणा झाली. २०११ मध्ये त्यांचं पैशाचं गणित बसलं नाही. मग भारत पुढे आला.

दूरच्या यंत्राचा फायदा १७ ऑगस्ट २०१७ ला दिसला. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर झाली. इटलीतलं ‘व्हर्गो’ सोबत असल्याने जागा आकाशाच्या लहानशा तुकड्यात बांधता आली आणि दुर्बिणी थेट तिकडे वळल्या. सोन्यासारखे जड धातू अशा टकरीत तयार होतात याचा पुरावा तेव्हा मिळाला. त्या जागेवर नजर ठेवणाऱ्यांत जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी रेडिओ दुर्बीणही होती. खोडदच्या शेतकऱ्यांना मोठ्या विज्ञान प्रकल्पाचा शेजार काय असतो ते औंढ्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. त्या शेजाराला शांतता लागते ती रेडिओ लहरींची. औंढ्यात लागणार आहे जमिनीची. औंढा-दुधाळ्याच्या सरपंचांनी एकदा तिकडे जाऊन तिथल्या ग्रामपंचायतींशी बोलायला हरकत नाही. मुंबईच्या दहा बैठकांपेक्षा जास्त कळेल.

भारताने या प्रकल्पाला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. पूर्ण खर्चाची, २,६०० कोटींची मंजुरी यायला एप्रिल २०२३ उजाडलं. सात वर्षं गेली. अणुऊर्जा विभागासोबत पुण्याची आयुका, इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था यात आहेत. लक्ष्य २०३० चं ठेवलेलं आहे. त्या सात वर्षांत अमेरिकेचं यंत्र दोन पावलं पुढे गेलं, म्हणजे इथे येणारे सुटे भागही त्या मापाने सुधारत न्यावे लागणार. उशिराचा एवढा एक फायदा मात्र मान्य करायला हवा: ठिपकेवाल्या आरशांचा आणि थरथरत्या पाण्याच्या लेसरचा धडा दुसऱ्यांच्या खर्चाने झाला.

अमेरिकेतही सगळं आलबेल नाही. २०२५ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारने विज्ञान प्रतिष्ठानच्या अंदाजपत्रकात दोनपैकी एकच यंत्र चालवायचा प्रस्ताव मांडला. खर्च ४.८ कोटी डॉलरवरून २.९ कोटींवर आणायचा होता. शास्त्रज्ञांनी जोरदार विरोध केला. एकच यंत्र राहिलं तर लहर खरी की खरखर, याची खात्रीच करता येत नाही. पहिली लहर खरी मानली गेली ती दोन्ही ठिकाणी काही सहस्रांश सेकंदांच्या फरकाने उमटली म्हणून. अशा काळात औंढ्याचं यंत्र वेळेत उभं राहणं ही फक्त जिल्ह्याची हौस उरत नाही.

मग नोकऱ्या?

खरं सांगायचं तर लायगो हा कारखाना नाही. हजारो माणसांची हजेरी तिथे लागणार नाही. बांधकामाच्या काळात काम मिळेल, ते संपेल. पण सुधारणेचं काम संपत नाही, आणि अमेरिकेचा वीस वर्षांचा अनुभव तेच सांगतो. दर फेरीनंतर निर्वात कक्ष उघडायचे, गळती शोधायची, अतिस्वच्छ खोलीत सुटे भाग धुवून जोडायचे, वेल्डिंग तपासायचं, इलेक्ट्रॉनिक्स बदलायचं, संगणकावर चोवीस तास पाळत ठेवायची. यातल्या बऱ्याच कामांना पीएचडी लागत नाही. चांगला आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला, हात स्थिर असलेला आणि कंटाळा न करणारा माणूस लागतो.

असा माणूस २०३० मध्ये हवा असेल तर तो आज नववी-दहावीत आहे. हिंगोली, औंढा, वसमतच्या आयटीआयमध्ये निर्वात तंत्र, अचूक वेल्डिंग, स्वच्छ खोलीतलं काम यांचे छोटे अभ्यासक्रम आता सुरू झाले तरच ही पोरं रांगेत उभी राहू शकतील. नाही तर इंदूर-गांधीनगरहून तंत्रज्ञ येतील आणि आपली पोरं गेटवर राखणीला. ज्यांची जमीन प्रकल्पात गेली, त्यांच्या घरातल्या पोरांसाठी तरी ही सोय आधी व्हावी, ही मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरण्यासारखी आहे. रस्त्याच्या कोनशिलेपेक्षा ती कमी दिसते, एवढाच तिचा दोष.

आणि एक गोष्ट तर २०३० पर्यंत थांबायचंही कारण नाही. लिव्हिंगस्टनला २००६ पासून यंत्राला लागूनच विज्ञान शिक्षण केंद्र आहे. शाळांच्या बसगाड्या तिथे येतात, पोरं हाताने लाटा करून बघतात, आरसे फिरवून बघतात. हॅनफर्डला असं मोठं केंद्र व्हायला २०२२ उजाडलं; राज्य सरकारने पैसे दिले तेव्हा झालं. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला बारा महिने माणसं येतात, श्रावणात तर पाय ठेवायला जागा नसते. तालुक्याच्या गावात असं एक केंद्र आधी उभं करायला काय लागतं? त्याला ना चार किलोमीटरची नळी लागते, ना २०० वॅटचा लेसर.